मॅडमनी बघितलंय का?

"मॅडमनी बघितलंय का?" डॉ. पाटण्यांनी फोनवर विचारलं.

शनिवार होता, दुपारचे दोन वाजलेले. लॅब बंद करायची वेळ. आरग गावच्या चौगुल्यांच्या मुलीच्या मानेतून पाटण्यांनी काढलेली गाठ मी तपासली होती आणि तो लिम्फोमा आहे, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचाच कॅन्सर, असं त्यांना नुकतंच सांगितलं होतं. एवढं ऐकल्यावर पाटण्यांनी "बरं" म्हणायला हवं होतं. मिरजेत मी वीस वर्षं गाठी तपासत होतो. त्यातली बारा वर्षं या माणसाने माझ्या रिपोर्टवर डोळे झाकून सुरी चालवली होती.

"अनंतराव? ऐकू येतंय ना? म्हटलं, मॅडमनी मार्कर लावून बघितलंय का?"

"हो," मी म्हणालो. "मार्कर लावले. उत्तराने बघितलंय. तिचंही तेच मत आहे."

"मग प्रश्नच मिटला. पोरीला रोज एकशेतीन ताप येतोय, वजन उतरलंय. आजच पुढं पाठवतो. उगाच थांबण्यात अर्थ नाही."

फोन ठेवल्यावर मी पंखा बंद केला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो. उत्तरा, माझी बायको, शुक्रवारपासून पुण्याला होती. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या गाठीची भिंगाखालची काच तिने बघितलेली नव्हती. मार्कर लावलेले नव्हते.

हे मी का केलं, ते सांगायचं तर चार वर्षं मागे जावं लागेल.

उत्तरा माझ्याच कॉलेजची, मला तीन वर्षं ज्युनियर. दोघंही पॅथॉलॉजिस्ट. पण लग्नानंतर वाटणी आपोआप झाली. गाठी, तुकडे, कॅन्सर माझ्याकडे. रक्त, लघवी, साखर तिच्याकडे. मुलगी लहान होती, उत्तराला ते सोयीचंही होतं. अवघड काच आली की मी तिला हाक मारून दाखवायचो, समजावून सांगायचो. ती मन लावून ऐकायची. तो माझ्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ असायचा.

मग मुलगी शिकायला बाहेर गेली आणि उत्तरा म्हणाली, "मुंबईला सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे, अँटिबॉडी मार्करचं. जाऊ?"

"जा की," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

ती परत आली ती एक छोटा फ्रिज आणि एक प्रेशर कुकर घेऊनच. कुकर बघून मी हसलो होतो. त्यात ती काचा उकळायची, म्हणजे मेणात थिजलेल्या पेशींची दारं पुन्हा उघडतात. मग फ्रिजमधल्या इवल्याशा बाटलीतला एकेक थेंब काचेवर. प्रत्येक बाटलीत एकेक अँटिबॉडी. ती पेशींच्या गर्दीतून फक्त आपलं सावज हुडकते आणि त्यालाच चिकटते. रक्षक पेशींच्या दोन कुळांपैकी सीडी वीस ही बी पेशीला, सीडी तीन टी पेशीला, सीडी अडुसष्ट मेलेलं-सडलेलं गिळणाऱ्या भक्षक पेशीला. जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो.

मी आयुष्यभर गुलाबी-जांभळ्या रंगावर काम केलं. त्या रंगात पेशीचा आकार दिसतो, केंद्रक दिसतं, पण बी पेशी आणि टी पेशी शेजारी उभ्या केल्या तर एकीसारखी दुसरी. मी अनुभवावर सांगायचो. उत्तरा बघून सांगायची. फरक एवढाच होता आणि तो सर्जन लोकांना सहा महिन्यांत कळला.

पहिल्यांदा फोन यायला लागले, "मॅडम आहेत का?" मी म्हणायचो, "मी बोलतोय ना, सांगा." मग पलीकडून, "नाही, तसं काही नाही, मॅडम आल्या की सांगा." पुढे लोक थेट यायला लागले आणि माझ्या टेबलावरून पुढे जाऊन आतल्या खोलीत तिच्यासमोर बसायला लागले. सांगलीच्या एका मीटिंगमध्ये एका पोरसवदा सर्जनने माझी ओळख करून दिली, "हे उत्तरा मॅडमचे मिस्टर. हेही पॅथॉलॉजिस्टच आहेत."

ते "हेही" मला कित्येक दिवस ऐकू येत होतं.

उत्तराने कधी तोरा मिरवला नाही. मिरवला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ती अजूनही मला हाक मारायची, "अनंत, जरा बघ ना, मला खात्री नाही." मी बघायचो आणि मला वाटायचं, ही मला बरं वाटावं म्हणून विचारतेय. ती घरी गेली की मी तिच्या ट्रेमधल्या काचा काढून चुका शोधत बसायचो. सापडायच्या नाहीत. एकदा एक सापडली, अगदी किरकोळ, नावात वेलांटी चुकलेली. ती मी तिला दुसऱ्या दिवशी चारचौघांत दाखवली.

तर, ती चौगुल्यांची मुलगी. सुवर्णा तिचं नाव, वय तेवीस. गाठीची बाटली घेऊन गुरुवारी ती स्वतःच आली होती, सोबत वडील. ज्ञानू चौगुले गावोगावचं दूध टेम्पोतून डेअरीला घालायचे. मुलीच्या अंगात निळा ट्रॅकसूट आणि अंगात ताप. तरी उभी राहिली होती ताठ.

"सर, रिपोर्ट किती दिवसांत मिळंल? मी पोलीस भरतीत पास झालीय. बारा तारखेला ट्रेनिंगला हजर व्हायचंय."

"दोन-तीन दिवसांत."

"ग्राउंडला जिल्ह्यात दुसरी आली हो," वडील म्हणाले. "आठशे मीटर. तवा काय झालं नव्हतं."

शनिवारी सकाळी मी काच भिंगाखाली घातली. गाठीचा बराच भाग मेलेला, आणि त्या मेलेल्या भागाभोवती मोठ्या, बेढब, भराभर वाढणाऱ्या पेशींची झुंबड. मला शंका आली नाही. आजही सांगतो, तो रंग बघून दहातल्या आठ जणांनी लिम्फोमाच म्हटलं असतं. रिपोर्टच्या शेवटी एक ओळ टाकायची असते, "मार्कर करून खात्री करावी." ती मी टाकली नाही. मार्कर म्हणजे उत्तरा. तिने होकार दिला की मग माझं मत खरं, असं व्हायला लागलं होतं. एकदा तरी नुसत्या माझ्या डोळ्यांवर रिपोर्ट जावा, एवढंच मला हवं होतं. आणि नेमका पाटण्यांनी तो प्रश्न विचारला.

उत्तरा रविवारी संध्याकाळी आली. सोमवारी सकाळी लॅबमध्ये गेल्या गेल्या तिने माझ्या ट्रेमधली काच भिंगाखाली घालून बघितली.

"ही चौगुले कोण? केवढीशी आहे रे. लिम्फोमाच वाटतोय."

"हो ना."

"रिपोर्ट दिलास?"

"नाही. तुझी वाट बघत होतो."

ती हसली. चार वर्षांत मी असं काही म्हटलं नव्हतं, म्हणून असेल. म्हणाली, "मग आजच लावते. कुठल्या कुळातला आहे तेवढं कळलं की औषध ठरवायला सोपं."

मला तेव्हाही घाम फुटला नाही. माझा हिशोब साधा होता. तीही लिम्फोमाच म्हणतेय. मार्कर लावल्यावर तेच येणार. शनिवारचं खोटं सोमवारी आपोआप खरं होऊन जाईल, कुणाला कळणारही नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिने आतून हाक मारली.

"अनंत! लवकर ये. अरे, ये ना!"

मी गेलो. तिचा चेहरा फुललेला होता. तिने खुर्ची सरकवून मला भिंगापाशी बसवलं. "आधी बी पेशींचा मार्कर बघ. त्या मोठ्या पेशींपैकी एक तरी रंगलीय का?"

एकही रंगलेली नव्हती.

"आता टी पेशींचा. काही रंगल्यात, काही नाहीत. आणि आता हा बघ, भक्षक पेशींचा."

तिने काच बदलली. मेलेल्या भागाभोवती सगळं तपकिरी होतं. ज्या पेशींना मी कॅन्सर म्हटलं होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त या साफसफाई करणाऱ्या पेशी होत्या. फुगलेल्या, पोटात मेलेल्या पेशींचा चुरा भरलेल्या.

"कॅन्सर असता तर एकाच कुळातल्या निघाल्या असत्या ना सगळ्या? ही मिसळ आहे," उत्तरा म्हणाली. "हा किकुची नावाचा आजार आहे, अनंत. मुंबईत मी दोनच केसेस बघितल्या होत्या. तरुण मुलींना होतो, ताप येतो, गाठी येतात आणि दोन-चार महिन्यांत आपोआप बरा होतो. औषधसुद्धा लागत नाही! पोरगी वाचली!"

मी भिंगातून डोळा काढला नाही. ती बरोबर होती. एका नजरेत कळत होतं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी नीट सांगतो, कारण नंतर मी ते स्वतःपासून पुष्कळ लपवलं. मुलगी वाचली म्हणून आनंद झाला नाही. पाटण्यांना खोटं सांगितलं म्हणून भीती वाटली, पण तीही आधी नाही. आधी वाटलं, हिचं परत बरोबर आलं.

"कंट्रोल कसा रंगलाय?" मी विचारलं.

प्रत्येक वेळी गाठीच्या तुकड्यासोबत ती टॉन्सिलचा एक तुकडाही रंगवायची. टॉन्सिलमध्ये कुठल्या पेशी कुठे असतात ते माहीत असतं, त्यामुळे अँटिबॉडी नीट चाललीय का ते कळतं. तोच कंट्रोल.

"चांगला आहे की."

"मला फिका वाटतोय. बी पेशींचा तर फारच." मी काच उजेडात धरली. "एवढा मोठा निर्णय आपण फिक्या कंट्रोलवर द्यायचा? पुन्हा लाव."

तो फिका नव्हता.

उत्तराने काच माझ्या हातून घेऊन पुन्हा बघितली. तिच्या कपाळाला आठी पडली. मग म्हणाली, "असेल. मी आनंदाच्या भरात बघितलं असेल. तुझं बरोबर आहे, उद्या परत लावते. तू असतोस म्हणून बरं आहे."

पाटण्यांचा दवाखाना आमच्या लॅबपासून चालत सात मिनिटांवर. टेबलावर फोन. एक वाक्य बोलायचं होतं, "रिपोर्ट थांबवा." मी स्वतःला सांगत राहिलो की कॅन्सरचे डॉक्टर काय लगेच औषध देणार आहेत? आधी सोनोग्राफी, रक्त, हाडाच्या मगजाची तपासणी, आठवडा सहज जाईल. तोवर काहीतरी सुचेल. मंगळवारी तिने दुपारी काचा लावायला घेतल्या. मी दिवसभर कामात होतो, असं दाखवलं.

बुधवारी सकाळी दहा वाजता दुसऱ्या काचा तयार झाल्या. पहिल्यांदा होतं तसंच, जसंच्या तसं. उत्तराने मला बोलावलं नाही, थेट फोन उचलला. मी दारात उभा होतो.

"डॉ. पाटणे? उत्तरा बोलतेय. ती चौगुलेची मुलगी... हो. आनंदाची बातमी आहे. लिम्फोमा नाही." ती थांबली. पलीकडून पाटणे बोलत होते. ते काय बोलले असतील ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळत गेलं. "शनिवारी? मी?"

तिने रिसीव्हर कानाला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. 

"मी बघितलं नव्हतं, सर," ती फोनमध्ये म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "शनिवारी मी पुण्यात होते. मार्करही लावले नव्हते... काल? किती वाजता?... पहिलाच ना? पुढचं काहीही देऊ नका. तिथल्या डॉक्टरांना मी फोन करते."

तो फोनही तिने केला. मग रिसीव्हर ठेवून बसून राहिली.

"काल सकाळी दहाला पहिलं सलाईन दिलं," ती म्हणाली. "मार्कर झालेत म्हटल्यावर ते कशाला थांबतील? तिचा ताप बघून घाई केली त्यांनी."

"उत्तरा, मी..."

"शनिवारचं सोड. त्या रंगावर मीही चुकले असते. सोमवारी सकाळी मी तुला विचारलं, रिपोर्ट दिलास का. आणि संध्याकाळी तू मला म्हणालास, कंट्रोल फिका आहे."

"हो."

"फिका होता?"

"नाही."

तिने मान हलवली, जणू एक साधी माहिती हवी होती आणि ती मिळाली. मग रिपोर्टचा नवा कागद माझ्यासमोर सरकवला. "लिही. आधीचा रिपोर्ट रद्द, आणि का, तेही. आणि तू जा तिच्याकडे. तूच जा. मी येणार नाही."

मी लिहिलं, "मार्कर न लावता अहवाल दिला." तिने वाचलं आणि परत माझ्याकडे दिलं.

"लावलेत असं सांगितलं होतंस."

मी तेही लिहिलं.

कॅन्सरच्या दवाखान्यात सुवर्णा खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. ज्ञानू चौगुले संत्रं सोलत होते. मला बघून ते गडबडीने उठले.

"सर, तुम्ही इथं?" सुवर्णा म्हणाली.

"तुझा रिपोर्ट चुकला होता. तुला कॅन्सर नाही. साधा आजार आहे, आपोआप बरा होणारा."

ज्ञानू चौगुल्यांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. मग ते खाली वाकले आणि मला काही कळायच्या आत त्यांनी माझे पाय धरले. "देवासारखं आलासा, साहेब," ते म्हणत होते. "चार रात्री हिची आई जेवली न्हाई. देवासारखं आलासा."

मी त्यांना उठवलं. तेवढ्यावर निघून येता आलं असतं. दारापर्यंत सात-आठ पावलं होती.

"सर, मग काल दिलं ते?" सुवर्णाने विचारलं.

"त्याची गरज नव्हती."

"पण ताप गेला की माझा."

"त्यातल्या एका औषधाने उतरला. तसाही उतरला असता, जरा उशिरा. केस जातील आता. पण परत येतील."

तिने वेणी पुढे घेऊन हातात धरली. "चूक कशी कळली?"

"माझ्या मिसेसनी दुसरी तपासणी केली. त्यात कळलं."

"आज?"

आज म्हणता आलं असतं. "सोमवारी," मी म्हणालो. "संध्याकाळी."

ती म्हणाली, "मला सलाईन मंगळवारी लावलं."

"हो."

"मग सोमवारी का सांगितलं नाही?"

ज्ञानू चौगुले एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मी सगळं सांगितलं. शनिवारी पाटण्यांना काय म्हणालो ते, सोमवारी बायकोला काय म्हणालो ते. "त्यांचं बरोबर निघालेलं मला सोसत नव्हतं," असंही म्हणालो. ते वाक्य मी तोपर्यंत मनातसुद्धा पूर्ण म्हटलेलं नव्हतं.

सुवर्णा चिडली नव्हती. एखादं गणित सोडवावं तशी ती हळूहळू बोलली.

"म्हणजे मला खरंच कॅन्सर असता, तर तुम्हाला बरं वाटलं असतं."

"सुवर्णे, गप," वडील म्हणाले. पण तिला दटावल्यासारखे नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुमी जावा आता."

पुढचं आधीच सांगून टाकतो. तिसऱ्या आठवड्यात तिचे केस गेले. गाठी दोन महिन्यांत विरल्या, ताप पुन्हा आला नाही. बारा तारीख मात्र हुकली. कॅन्सरचं औषध घेतलेली मुलगी म्हणून तिच्या कागदावर शेरा पडला होता. तो काढायला उत्तरा स्वतः तिला घेऊन सांगलीला चार वेळा गेली. पुढच्या भरतीत ती पुन्हा सगळं धावली आणि लागली. चौगुल्यांनी तक्रार केली नाही. पाटणे त्यानंतर गाठी उत्तराच्या नावाने पाठवायला लागले आणि मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही. उत्तरा आणि मी अजून एकत्र राहतो. या सगळ्याला आता एकवीस वर्षं झाली.

त्या बुधवारी मी परत आलो तेव्हा ती लॅबमध्येच बसली होती. बाकी सगळे गेले होते.

"सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"सोमवारसुद्धा."

"काय म्हणाली ती?"

सांगावं की नाही, असं मला वाटलं. पण त्या दिवशी लपवायचं काही उरलं नव्हतं. सुवर्णाचं वाक्य मी तसंच्या तसं सांगितलं.

उत्तराने ऐकलं. चष्मा काढला, डोळे चोळले आणि पुन्हा लावला.

"पाच मिनिटं ओळखत होती तुला," ती म्हणाली. "मला वाटत होतं, तुझं हे मला एकटीलाच दिसतंय."